शब्द वगळायचा कोणत्या पुराव्यावर?

विरारहून अर्नाळ्याकडे जाताना आगाशी लागते. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या गावाच्या वाळवलेल्या केळ्यांचा उल्लेख आहे. हीच सुकेळी. राजेळीचा घड पिकवायचा, केळी सोलून उन्हात घालायची, संध्याकाळी दव लागू नये म्हणून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. असे काही दिवस गेले की फळ आटून तपकिरी आणि चिकट होते. मग ते केळीच्याच वाळक्या पानांत बांधून ठेवायचे. त्याच गॅझेटियरमध्ये केळींच्या जातींची नावे दिली आहेत: बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी, लोखंडी, सोनकेळी, करंजेळी, नरसिंगी. समजा, आज कोणी मराठीचा एका खंडाचा कोश करायला बसले, तर यांतले काय ठेवायचे? ‘केळे’ राहणार यात शंका नाही. ‘सुकेळी’वर संपादकांत थोडी चर्चा होईल. ‘मुठेळी’ आणि ‘नरसिंगी’ बहुधा पहिल्याच चाळणीत गळतील, आणि गाळणाऱ्याकडे कारणही तयार असेल: हे शब्द आता कुणी वापरत नाही. या प्रकरणात त्या कारणाचीच तपासणी करायची आहे. ‘कुणी वापरत नाही’ हे कोशकाराला कळते कसे, आणि कुणाकडून? मराठीपुरते बोलायचे तर या विधानाचा खरा अर्थ बहुतेक वेळा ‘कुणी छापत नाही’ एवढाच असतो. शब्द मोठ्या कोशातून काढून टाकायला तेवढा पुरावा पुरत नाही, असे माझे म्हणणे आहे.

कोशाचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा बरेच हिशेबी असते. संपादक आवडीनिवडीने शब्द निवडत नाहीत. आधी कोश कुणासाठी आणि किती पानांचा हे ठरते, मग पुरावा गोळा होतो. पूर्वी हा पुरावा चिठ्ठ्यांवर असे: एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचे नाव, पान. आता त्या जागी संगणकात साठवलेला मजकूर आला आहे. पण विचारायचे प्रश्न तेच आहेत. शब्द किती वेळा आला, किती वेगवेगळ्या लेखकांनी वापरला आणि किती वर्षे टिकला? नवा शब्द आत घेताना या कसोट्या उत्तम काम करतात. चार दिवसांची लाट आणि भाषेत रुजलेला शब्द त्यांच्यामुळे वेगळे काढता येतात. अडचण येते ती याच कसोट्या उलट्या फिरवून जुना शब्द बाहेर काढताना. कोणत्याही भाषेच्या मजकुरात थोडे शब्द फार वेळा येतात आणि फार शब्द अगदी क्वचित येतात. अमेरिकेत १९६१ साली छापलेल्या लेखनातून दहा लाख शब्दांचा जो प्रसिद्ध ब्राउन संग्रह तयार झाला, त्यात सुमारे पन्नास हजार वेगळी शब्दरूपे निघाली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी फक्त एकदाच आली होती. म्हणजे ‘क्वचित येतो’ हा दोष मानला तर भाषेचा अर्धा शब्दसंग्रह दोषी ठरतो. क्वचित येणे ही बहुसंख्य शब्दांची नेहमीची अवस्था आहे. तिच्यावरून शब्द मरायला टेकला आहे असे निदान करता येत नाही.

वापर कमी झाला म्हणून शब्द संपत नाही, याचा मराठीतला सर्वांत जुना धडा राजव्यवहारकोशाने दिला आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली हा कोश झाला. राज्यकारभारातल्या सुमारे १,४०० फारसी, अरबी आणि दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. जुने शब्द कारभारातून जावेत, नवे यावेत, हा त्याचा उघड हेतू होता. अष्टप्रधानांची नावेही अशीच बदलली: पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ‘प्रधान’ शिक्क्यांवर आणि कागदांवर राहिला, पण लोकांच्या तोंडी ‘पेशवे’च राहिले आणि एक अख्खे शतक त्या नावाने ओळखले गेले. मुजुमदार आडनाव होऊन टिकले. तरीही ‘पंतप्रधान’ कायमचा हरला नाही. पेशवाई १८१८ मध्ये बुडाल्यावर तो इतिहासाच्या पुस्तकांत जाऊन बसला, आणि स्वतंत्र भारतात देशाच्या कारभाराचा प्रमुख म्हणून रोजच्या बातम्यांत परत आला. सचिव आणि मंत्री तर आज मंत्रालयाच्या प्रत्येक दारावर आहेत. १८५० साली एखाद्या कोशकाराने निव्वळ चालू वापर पाहून चाळणी लावली असती, तर गळणाऱ्या शब्दांत यांतले काही नक्की असते. शब्दाचे पुढचे आयुष्य आजच्या मोजणीतून दिसत नाही. राजसत्तेला जे ठरवता आले नाही ते संपादकाने ठरवावे अशी अपेक्षा करणे अवाजवी आहे.

एकोणिसाव्या शतकातले कोश हा पुराव्याचा दुसरा भाग. १८२९ चा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आदी शास्त्रीमंडळींनी केला. मोल्सवर्थने जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांच्या मदतीने १८३१ मध्ये आपला मराठी-इंग्रजी कोश काढला. पुढे प्रकृतीमुळे तो इंग्लंडला गेला, १८५१ मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून परत आला आणि १८५७ मध्ये सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती त्याने पुरी केली. मराठीवर या माणसाचे उपकार फार मोठे आहेत. मोडी कागद वाचणारा इतिहासाचा अभ्यासक आजही आधी मोल्सवर्थ उघडतो. पण शब्द त्याच्यापर्यंत आले कसे, हे पाहिले पाहिजे. त्याच्या हाताशी होते ते ब्राह्मण पंडित. वाडीत पाणी लावणारा, मिठागरात राबणारा, समुद्रात डोल जाळे मारणारा या माणसांचे बोलणे कोशात आलेच तर या पंडितांच्या कानांवाटे आणि त्यांच्या पसंतीवाटे आले. इतके असूनही बोलण्यातले पुष्कळ शब्द त्या कोशात आहेत, कारण त्या काळी मराठीत छापील गद्य जवळजवळ नव्हतेच. पुस्तके नसल्यामुळे माणसांना विचारण्यावाचून गत्यंतर नव्हते. छापील मजकुराचा डोंगर उभा राहिला तशी ही विचारण्याची गरज मागे पडली, आणि माझ्या मते मराठी कोशांचे मोठे नुकसान तिथे झाले.

वगळण्याचे काम कुठे योग्य ठरते, हेही याच काळात दिसते. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप छापला. विद्यार्थ्याला परवडेल आणि हातात धरता येईल असा कोश हवा होता. त्यासाठी शब्द, अर्थ, म्हणी, उदाहरणे यांना कात्री लावणे भागच होते. यात अन्याय काहीच नव्हता, कारण मूळ कोश जागेवर होता. संक्षेपात जो शब्द सापडला नाही तो मोठ्या कोशात पाहायची सोय होती, आणि १९७५ मध्ये पुण्यात मोल्सवर्थचे पुनर्मुद्रण झाल्यामुळे ती सोय पुढच्या पिढ्यांनाही मिळाली. लहान कोशाने गाळावे आणि मोठ्याने राखावे, हा विभाग इतका साधा आहे की वादाला जागा राहू नये. वाद होतो तो मोठा कोश जुना होऊन पडतो आणि नवे सगळे कोश लहानच निघतात तेव्हा. दाते-कर्वे यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात पुण्यातून निघाले, १९५० मध्ये पुरवणी आली. लाखाहून अधिक शब्दांच्या त्या कोशात शब्दापुढे कंसात ‘गो.’, ‘कु.’, ‘कों.’, ‘व.’ अशा खुणा दिसतात: गोव्याकडचा, कुडाळी, कोंकणातला, वऱ्हाडी. मला या छोट्या खुणा मराठी कोशरचनेतली फार मोलाची गोष्ट वाटते. शब्द सगळीकडचा नाही, म्हणून तो बाहेर, असे त्या संपादकांनी म्हटले नाही. कुठला आहे ते सांगितले आणि आत घेतला. पुढे निघालेल्या अनेक कोशांत शब्द कमी झाले, आणि शब्दांबरोबर या खुणाही गेल्या.

आता पुन्हा आगाशीकडे येऊ, कारण छापील मजकुराच्या आधारावर ठरवलेले कुठे फसते ते या पट्ट्यात स्पष्ट दिसते. आगाशी, नंदाखाल, वटार, निर्मळ आणि किनाऱ्यावरचे अर्नाळा या काही मैलांच्या परिसरात वाडवळी, कादोडी म्हणून ओळखली जाणारी सामवेदी, आगरी, कोळी, मांगेली आणि पलीकडे वारली अशा बोली आहेत. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेईपर्यंत इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. पोर्तुगीजांकडून आलेले पगार, चावी, बिजागरी, घमेले, लिलाव, काजू, बटाटा हे शब्द आज नागपूरपर्यंत चालतात आणि प्रत्येक कोशात आहेत. ‘नाताळ’ही आहे, कारण तो पंचांगात आणि सुट्ट्यांच्या यादीत छापला जातो. पण वसईच्या ख्रिस्ती घरांत शिजणारे ‘इंद्याल’ त्याच पोर्तुगीज वळणाने आलेले असूनही त्याचे नशीब वेगळे. ते स्वयंपाकघरात राहिले, छापखान्यात गेले नाही. शब्दाचा उगम एकच, वयही साधारण तेवढेच, वापरणारी माणसे जिवंत आहेत आणि पदार्थही रांधला जातो. फरक आहे तो कागदावर येण्याचा. कोशकार ज्याला वापराचा पुरावा म्हणतो तो पुष्कळदा असा कागदाचा पुरावा असतो.

कुणी म्हणेल, बोलींची पाहणी झालेलीच आहे की. झाली आहे, आणि लवकर झाली आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या मराठीच्या सातव्या खंडात वाडवळ, सामवेदी, वारली यांना स्वतंत्र जागा आहे. पुढे अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात बोलींचे वर्णन करणारी पुस्तके लिहिली, आणि अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून गावोगाव ध्वनिमुद्रणे केली. तरी ग्रियर्सनच्या पाहणीत कशाची विचारणा झाली हे बघण्यासारखे आहे. बोलींची तुलना करता यावी म्हणून सगळीकडे एकाच मजकुराचे रूपांतर मागवले जाई: बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट. व्याकरण टिपायला ही युक्ती चांगली होती. बाप, मुलगा, वाटणी, दुष्काळ, डुकरे, अंगठी, मेजवानी एवढे त्या गोष्टीत येते. केळीची वाडी तिच्यात नाही, मिठागर नाही, जाळे नाही, विहिरीवरचा रहाट नाही. त्यामुळे सामवेदीत क्रियापद कसे चालते ते शंभर वर्षांपूर्वी नोंदले गेले, पण सामवेदी माणूस दिवसभर ज्या कामात असे त्या कामाचे शब्द विचारलेच गेले नाहीत. पाहणी झालेली बोलीसुद्धा कोशाच्या दृष्टीने अशी रिकामी राहू शकते. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या मातृभाषांचे आकडे स्वतंत्रपणे छापले जात नाहीत, त्यातही हीच गोष्ट घडते. मोजणीची सोय म्हणून आखलेली रेघ पुढे भाषेच्या अस्तित्वाची रेघ समजली जाते.

मोजणी करायचीच, तर मराठीत ती कशी होते तेही पाहू. अर्नाळ्याच्या कोळ्याला पंधरवड्याचे पाणी दोन नावांनी ठाऊक आहे: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचे भांग. उधाणात पाणी जोराने चढते आणि दूर ओसरते, भांगात ते फारसे हलत नाही. डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते, म्हणून त्या धंद्यात हे दोन्ही शब्द सारख्याच वजनाचे. आता छापील मराठीत त्यांचे काय झाले? ‘उधाण’ला किनाऱ्याबाहेर घर मिळाले. उत्साहाला, चर्चेला, अफवांना उधाण येते, त्यामुळे त्याचा आकडा मोठा दिसेल. ‘भांग’ या अर्थाने भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात भांगाच्या भरती-ओहोटीपुरता उरला. पण त्याचाही आकडा मोठाच निघेल, कारण केसांचा भांग आहे आणि शिवरात्रीची भांगही आहे. अक्षरे मोजणाऱ्या यंत्राला हे तीन शब्द एकच दिसतात. म्हणजे जोडीतल्या एका शब्दाचा आकडा अलंकारिक वापराने फुगला आणि दुसऱ्याचा भलत्याच शब्दांनी. समुद्राविषयी या दोन आकड्यांतून काहीच कळत नाही. कोशातून अख्खा शब्द क्वचित जातो. बहुधा जातो तो त्याचा तिसरा किंवा चौथा अर्थ, आणि तो गेल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण पानावर ‘भांग’ दिसतच असतो.

मराठी शब्द वाक्यात क्वचितच मूळ रूपात येतो, ही दुसरी अडचण. वसईच्या वाड्यांमधून गोड्या पाण्याची जी खोदलेली तळी आहेत त्यांना ‘बावखल’ म्हणतात. पावसाचे पाणी त्यात साठते आणि जमिनीत मुरते, आणि रहाट लावून तेच पाणी केळीला आणि पानवेलीला पुरवीत. हा शब्द लिहिला जाईल तो बावखलात, बावखलाच्या, बावखलांचे, बावखलापाशी असा. ही सगळी एकाच शब्दाची रूपे आहेत हे जोडून घेतले नाही, तर प्रत्येक रूप एकेकदा आलेले, म्हणून क्षुल्लक ठरते. त्यात लेखनाचा घोळ आहे. आगरी, कोळी उच्चारांत ळ चा ल आणि ण चा न होतो. ऐकणारा कधी बोललेले लिहितो, कधी प्रमाण वळणावर नेऊन लिहितो, आणि एकाच शब्दाचे दोन दुबळे शब्द होतात. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या कोशातले ‘केळें’, ‘सुकें’ आज कुणी तसे शोधत नाही. शोधून मिळाला नाही की शब्द कोशातच नाही, असा समज होतो. इंग्रजीसाठी घडवलेली मोजपट्टी मराठीला जशीच्या तशी लावली, तर क्वचितपणा असतो त्याहून कितीतरी जास्त दिसतो.

या म्हणण्यावर येणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप भाषेच्या शिस्तीचा. कोश हा प्रमाण ठरवतो, मूल त्यात बघून शुद्ध काय ते शिकते, मग त्यात गावोगावचे सगळे कोंबले तर प्रमाण राहील कुठे? यावर इंग्रजीत १८५७ सालीच उत्तर दिले गेले. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच यांनी मांडले की कोशकाराचे काम इतिहासकाराचे आहे, बरे-वाईट निवडण्याचे नाही. त्या विचारातून निघालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात एकदा आलेला शब्द सहसा काढत नाहीत. वापरातून गेला तर खूण करतात आणि जागेवर ठेवतात. मराठीलाही नेमके हेच लागू आहे. कोशात असणे म्हणजे शिफारस नव्हे. मोल्सवर्थमध्ये जातींना हिणवणाऱ्या म्हणी आणि शब्द ढिगाने आहेत. ते काढून टाकले तर एकोणिसाव्या शतकाचा समाज वाचणाऱ्याला आपण आंधळे करू, आणि निमूट ठेवले तर अपमानाला अधिकृत चेहरा देऊ. तिथे ‘अपमानकारक’ ही स्पष्ट खूण हवी. ती खूण करण्याची जबाबदारी टाळून शब्दच उडवणे सोपे असते, पण त्याने वाचकाचे काहीच भले होत नाही.

दुसरा आक्षेप असा की बोलींसाठी बोलींचे कोश असावेत, आणि ते होतही आहेत. हरिश्चंद्र बोरकरांचा झाडीबोलीचा कोश, विठ्ठल वाघांचा वऱ्हाडीचा कोश ही कामे आयुष्य वेचून झालेली आहेत आणि त्यांचे महत्त्व वादातीत आहे. मात्र इथे दोन प्रकारच्या शब्दांची गल्लत होते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणे हा बोलीचा उच्चार आहे. तो सर्वसाधारण कोशाने घेतला नाही तर मला तक्रार नाही. पण ‘सुकेळी’, ‘बावखल’, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचे ‘खाजण’, भरतीचे ‘भांग’ हे कशाचेही उच्चारभेद नाहीत. ती वस्तूंची आणि घटनांची नावे आहेत आणि प्रमाण मराठीत त्यांना दुसरे नाव नाही. म्हणून वगळण्यापूर्वी संपादकाने वारंवारतेऐवजी वेगळा प्रश्न विचारावा: हा शब्द काढला तर तीच गोष्ट याच कोशातल्या दुसऱ्या एका शब्दाने सांगता येईल का? येत असेल तर लहान कोशातून खुशाल काढावा. येत नसेल, तर तो एका तालुक्यात बोलला जातो की छत्तीस जिल्ह्यांत, हे गौण आहे. खानदेशातल्या किंवा बेळगावातल्या वाचकाने ‘खाजण’ कादंबरीत वाचला, तर तो कोणत्या बोलीचा कोश उघडेल? शब्द कुठला हे माहीत नसते, म्हणूनच तर माणूस कोशाकडे जातो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. पूर्णतेचा हव्यास कोशाला बुडवतो. डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाकडे पाहा. सुमारे दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या झाल्या, पहिला खंड १९७६ मध्ये सुरू झाला, आणि इतक्या दशकांनंतरही काम ‘अ’ या अक्षरातच आहे. संगणकामुळे जागेचा प्रश्न मिटला हे अर्धेच उत्तर आहे, कारण कोशात महाग असतो तो कागद नव्हे, जाणत्या माणसाचा वेळ. एक अर्थ नीट लिहायला दिवस जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक बोलीतला प्रत्येक शब्द आत्ता घ्या, असे मी म्हणत नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. जो शब्द एकदा नोंदला गेला आहे तो ठेवायला जवळजवळ काहीच श्रम लागत नाहीत, मग तो काढू नये. आणि नव्याने येणाऱ्या स्थानिक शब्दाकडून पाच ग्रंथांतले पाच उतारे मागू नयेत. बोलणारी माणसे, गाव, साल आणि एक वाक्य एवढा पुरावा पुरेसा मानावा.

इतका थोडा पुरावा चालवला तर खोटे शब्द घुसतील, ही भीती रास्त आहे. १९३४ च्या वेब्स्टरच्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ असा एक शब्द घनता या अर्थाने छापला गेला. तसा शब्दच नव्हता. घनतेसाठी मोठे किंवा लहान ‘डी’ अक्षर वापरतात हे सांगणारी संक्षेपाची चिठ्ठी चुकून शब्दांच्या चिठ्ठ्यांत गेली होती. चूक काही वर्षांनी लक्षात आली आणि तो काढला. हे वगळणे पूर्णपणे योग्य होते, आणि माझ्या मते मोठ्या कोशातून शब्द काढण्याचे हे एकच निर्विवाद कारण आहे: तो कधी कुणी बोललाच नव्हता. याच्या उलट उदाहरण त्याच क्षेत्रातले. ऑक्सफर्डच्या १९३३ च्या पुरवणीत इंग्रजीच्या दूरदूरच्या प्रदेशांतले आणि परभाषांतून आलेले शब्द होते. रॉबर्ट बर्चफील्ड यांनी १९७२ ते १९८६ या काळात नवी पुरवणी केली, तेव्हा अशा शब्दांपैकी सुमारे सतरा टक्के गाळले गेल्याचे सेरा ऑगिल्वी यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. शब्द न काढण्याचे धोरण असलेल्या घरातही, पुरावा तोकडा पडला की पहिली कुऱ्हाड कडेच्या माणसांच्या शब्दांवर पडते. वसईच्या वाडीतल्या शब्दाची जागा अशीच कडेची आहे.

शालेय कोशांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे गाळणे अटळच असते. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या मुलांच्या कोशातून ओकचे फळ, खंड्या पक्षी, रानफुले यांची नावे गेली आणि ब्रॉडबँड, ब्लॉग असे शब्द आले. २०१५ मध्ये मार्गारेट अ‍ॅटवुडसह अठ्ठावीस लेखकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. प्रकाशकांचे म्हणणे होते की मुलांच्या आजच्या भाषेत जे येते ते आम्ही घेतले. ते खोटे नव्हते. पण मुलांच्या वाचनात काय येते हे मोठी माणसेच ठरवतात. आगाशीच्या शाळेतल्या मुलाच्या पुस्तकात बावखल आले नाही, म्हणून त्याच्या कोशात ते नाही, आणि कोशात नाही म्हणून पुढचे पुस्तक लिहिणाराही ‘डबके’ किंवा ‘तळे’ लिहून मोकळा होतो. बांधकामासाठी बावखले बुजवली जात असताना त्यांच्या बचावासाठी इथले लोक उभे राहिले. त्यांच्या अर्जांत आणि फलकांत ‘डबके’ लिहून चालले नसते. डबके बुजवायला कुणाची हरकत नसते.

‘बावखल’ची नोंद मोठ्या कोशात कशी असावी, हे एकदा लिहून पाहण्यासारखे आहे. नपुंसकलिंगी नाम, वसई तालुका, बागायतीतला शब्द, अजून चालू. अर्थ: वाडीत खोदलेले, पावसाचे पाणी साठवणारे आणि मुरवणारे गोड्या पाण्याचे तळे. इथवर छापील मजकुरावरून जाता येते. त्यापुढे काठाच्या उताराला काय म्हणतात, उन्हाळ्यात तळाशी उरणाऱ्या पाण्याला वेगळे नाव आहे का, गाळ काढण्याच्या कामाला कोणते क्रियापद लावतात, रहाटाच्या भागांची नावे वाडवळीत आणि सामवेदीत एकच आहेत की निराळी, हे विचारायला आगाशीत किंवा वटारला ज्याच्या वाडीत बावखल आहे त्याच्याकडेच जावे लागेल. शेवटचे अक्षर ल की ळ, हेही तिथे ऐकूनच लिहावे लागेल.